पाणी कुठे मुरते

मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पण हात थरथरत असल्यामुळे पुलाची कमान, परांचीचे बांबू आणि फळीवर उकिडवी बसलेली ती मुलगी, सगळे एकदमच हलू लागले. त्यांनी कोपरे काठावरच्या कठड्याला टेकवली तेव्हा कुठे चित्र स्थिर झाले. तिने हातातला स्पंज बादलीत टाकला आणि शिलालेखाच्या शेवटच्या ओळीच्या टोकाशी बोट ठेवले.

"इथं पाणी मुरतंय, सर," ती वरून म्हणाली.

"मुरतंय म्हणजे?"

"बाकीचा दगड केव्हाच वाळला. एवढाच तुकडा ओला राहिलाय. हा दगड नाहीये. कुणीतरी भरलंय."

'कुणीतरी' या शब्दापाशी ती किंचित अडखळली, असे मास्तरांना वाटले. त्यांच्या माहितीत त्या पुलाला हात लावणारा माणूस एकच होता, आणि तो गेल्या महिन्यात वारला होता. उद्या संध्याकाळी कचेरीत त्याचीच स्मरणसभा होती आणि तिथे मास्तरांनी बोलायचे होते.

जुन्या इमारती जपण्याचे काम त्याने जन्मभर केले. सिमेंटचे नाव काढले तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. चुना तो स्वतः भिजवी, स्वतः मुरवी, आणि त्याच्या नखांच्या कडांना तो कायमचा बसलेला असे. म्हणून सगळे त्याला चुनेवाला म्हणत. मास्तर त्याच कचेरीत दगडांवरची जुनी अक्षरे वाचत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. जाड भिंगाचा चष्मा आणि खिशाला अडकवलेली दोन पेने, एवढ्या भांडवलावर त्यांना ते नाव चिकटले होते. दोघे मागेपुढे निवृत्त झाले. चुनेवाल्याच्या जागेवर आता, त्याच्याच हाताखाली काम शिकलेली, ही मुलगी आली होती.

त्या शेवटच्या ओळीत झिजून गेलेले एक नाव होते आणि त्यापुढे एक शब्द. विद्यापीठातले प्राध्यापक तो शब्द 'सुत' असा वाचत. म्हणजे पूल बांधणारा कुणाचा तरी मुलगा. मास्तरांनी काठावरून दुर्बिणीने पाहून तो 'सुता' असा वाचला. म्हणजे कुणाची तरी मुलगी. फरक एका कान्याचा. "तो काना नाही, तडा आहे, आणि तोही बहुधा मास्तरांच्या चष्म्याला गेलेला," असे म्हणून प्राध्यापकांनी भरसभेत लोकांना हसवले होते. पुढे चुनेवाल्याने परांची बांधून पूल साफ केला, अक्षरांवर ओला कागद दाबून त्यांचा ठसा उतरवला आणि मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवला. ठशात काना होता, काठी टेकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. प्राध्यापक गप्प झाले. मास्तरांनी पुस्तक लिहिले, आयुष्यातले एकमेव. हळूहळू लोक 'जुना पूल' म्हणायचे विसरले आणि 'लेकीचा पूल' म्हणू लागले. आता बसथांब्याच्या पाटीवरही तेच नाव होते.

"कान्यावर आहे का ते?" मास्तरांनी विचारले.

"मला लिपी कुठं येते? अक्षर कुठं संपतं आणि दगड कुठं सुरू होतो ते तुम्ही सांगायचं. वर या ना."

"वर?"

"शिडी पक्की आहे. मी धरते."

मास्तरांनी शिडीकडे पाहिले. घरातल्या माळ्यावरची पेटी काढायची झाली तरी ते शेजाऱ्याला हाक मारत. त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. कान्याच्या अंगालाच एक काळपट डाग दिसत होता. पण कान्याच्या पुढे की कान्यासकट, ते काही केल्या ठरेना.

"उद्या येतो," ते म्हणाले. "आज हा चष्मा जवळचा नाही."

ती झरझर खाली उतरली आणि ओले हात पँटला पुसत त्यांच्याजवळ आली.

"आणखी एक, सर. त्यांनी रंग जुळवलाय. याच दगडाची पूड चुन्यात मिसळून. पाणी मारलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. आणि ते तर शिकवायचे..."

"लांबून दिसता कामा नये, जवळून लपता कामा नये," मास्तरांनी वाक्य पुरे केले. दुरुस्ती ही दुरुस्ती म्हणून ओळखू आली पाहिजे, यावरून चुनेवाला साहेबांशीही भांडला होता. त्याचा प्रत्येक तुकडा मूळ दगडापेक्षा जाणूनबुजून एक छटा फिका असे. ठिगळ लाजलं की कापडाची फसवणूक होते, म्हणायचा.

"मग हे एकच का लाजलं?" तिने विचारले.

मास्तरांनी दुर्बिणीचा पट्टा गुंडाळायला घेतला.

"साफसफाईच्या आधीचा फोटो असेल का तुमच्याकडे? जवळून काढलेला? प्राध्यापक सरांकडे नाहीये."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"हो, फोनवर. त्यांच्याकडेच इतिहास शिकले ना मी. आणि सर, मला अहो नका म्हणू. अहो म्हटलं की मला कंत्राटदाराशी बोलतेय असं वाटतं."

मास्तरांनी मान हलवली. पट्टा त्यांच्या हातून सुटला आणि पुन्हा गुंडाळावा लागला. म्हणजे ही प्राध्यापकांची विद्यार्थिनी. आणि पाणी मुरलेले हिला दिसले ते स्मरणसभेच्या आदल्या दिवशी.

परतीची वाट पुलावरूनच होती. एरवी मास्तर कठड्यावर हात फिरवत पलीकडे जात. आज त्यांनी दोन्ही हात खिशात ठेवले.

घरी येऊन त्यांनी भाषणाचा कागद काढला. चुनेवाल्याचे एक आवडते वाक्य त्यांनी त्यात घातले होते: 'जन्मभर चुना लावला, पण दगडांना, माणसाला एकदाही नाही.' हे म्हणून तो स्वतःच आधी हसे. मास्तरांनी त्या वाक्यावर काट मारली. काट फार ठळक दिसू लागली, तेव्हा त्यांनी ते वाक्य वगळून सगळा कागद नव्याने उतरवून काढला.

मग कपाटातून पुस्तक घेतले आणि ठशाचे छायाचित्र असलेले पान उघडले. भिंग धरले. काना सरळ होता. फारच सरळ होता. इतकी वर्षे त्या सरळपणाचा त्यांना अभिमान वाटत आला होता.

ठसा मिळाला तो दिवस त्यांनी आठवून पाहिला. चुनेवाला आला की टेबलाच्या कोपऱ्यावर बसे, पाय हलवत चहा पिई आणि कपाला चुन्याची बोटे उमटवून जाई. त्या दिवशी त्याने कागदाची गुंडाळी ठेवली, "घे तुझी लेक" म्हणाला आणि उभ्याउभ्याच वळला. तेव्हा मास्तरांना वाटले होते, घाईत असेल. नंतर कुठेही भेटला की तो खांद्यावर थाप मारून विचारी, "काय, लेक काय म्हणते?" तेव्हा त्या हसण्यात त्यांना कौतुक ऐकू आले होते. आता तेच हसू त्यांनी कानात पुन्हा वाजवून पाहिले, तर त्याचा सूर निराळा लागला.

एका कान्याला लागते काय? ओला चुना आणि बोथट पाते. आपण काना आहे म्हणालो म्हणून त्याने तो केला असेल, आणि त्याने केला म्हणून तो आहे असे आपण छापले असेल. कुत्रे स्वतःच्या शेपटीमागे फिरते तसे. मित्राचा शब्द राहावा म्हणून केले की मित्राची मजा पाहावी म्हणून? यातले कोणते आपल्याला अधिक झोंबेल हेही मास्तरांना सांगता येईना. त्यांनी पुस्तक मिटले, आणि कपाटात ते नेहमीच्या जागी न ठेवता मागच्या रांगेत सारले.

दुपारी ते वहिनींकडे, म्हणजे चुनेवाल्याच्या बायकोकडे, गेले. भाषणासाठी चार आठवणी हव्यात, हे निमित्त होते.

वहिनींनी दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात सुरी होती. खिडकीच्या काचेवर पांढरे शिंतोडे वाळून बसले होते; त्या ते खरवडत होत्या.

"माणूस गेला, डाग राहिले," वहिनी म्हणाल्या. "निघत नाहीत मेले. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय त्यांनी जोडलाय."

"मग तर भक्कम असेल."

"दगडातलं काय ते त्यांचं. लाकूड कधी ऐकलं नाही त्यांचं. मी म्हणायची, सुताराला बोलवा. तर म्हणायचे, सुतार फार मोठा माणूस, खुर्चीसाठी काय बोलवायचं त्याला. कमानसुद्धा त्याचीच असते म्हणायचे. आता कमानीचं आणि खुर्चीचं काय नातं, देव जाणे." त्यांनी चहा गाळला. "बोला. कसल्या आठवणी हव्यात? चांगल्या की खऱ्या?"

"दोन्ही असल्या तर..."

"खऱ्या मी सांगते. चांगल्या तुम्ही करून घ्या."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.

"पुलाबद्दल कधी काही बोलायचा का तो? त्या शेवटच्या ओळीबद्दल?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. काच खरवडताना माणूस डागाकडे पाहतो तसे.

"आज एकदम पुलाचं कसं काढलंत?"

"असंच. भाषणात येईल."

"तुमच्यावर जीव होता त्यांचा, ते खोटं नाही. पण एक सांगू? तुमच्यासमोर ते जपून बोलायचे. माझ्याशी उभ्या जन्मात कधी जपून बोलले नाहीत. माझ्या भावाला तोंडावर ढेकूळ म्हणाले होते. पण तुम्ही आलात, पुलाचा विषय निघाला, की लगेच चहाचं विचारायचे. मी आतून बघायची ना."

"मला कधी जाणवलं नाही."

"तुम्हाला दगडातलं जाणवतं." त्या जरा थांबल्या. "राग येणार नसेल तर आणखी सांगते. म्हणायचे, मास्तर माझ्याआधी गेला तर बरं."

मास्तरांनी कप बशीत ठेवला.

"मीही म्हटलं, जिभेला काही हाड? तर हसले. म्हणाले, अगं, तो मागं राहिला तर पंचाईत होईल."

"कसली पंचाईत?"

"ते मी तुम्हाला विचारणार होते." वहिनींनी सुरी पुन्हा उचलली, पण काचेला लावली नाही. "तुमच्यात काही झालं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या माहितीत तरी नाही."

"माझ्याही," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

चहा तसाच राहिला. जिना उतरताना मास्तरांना वाटले, आपण विचारायला आलो होतो आणि जबाब देऊन चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुलापाशी पोहोचले तेव्हा ती शिडीजवळ उभी होती. तिने हेल्मेट पुढे केले. मास्तरांनी ते उलटे घातले. तिने ते फिरवून सरळ केले आणि पट्टा लावून दिला.

"खाली बघू नका. पुढच्या पायरीकडेच बघा."

"पुढची पायरी दिसत नाही. या चष्म्यातून दोन दिसतात."

"मग वरच्या पायरीला धरा, सर. ती खरी असते."

चढायला किती वेळ लागला ते मास्तरांना कळले नाही. फळीवर पाय टेकला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि दोन्ही मुठी बांबूवर आवळलेल्या होत्या. खालून पाण्याचा आवाज येत होता. नाकासमोर, हातभर अंतरावर, शिलालेख होता. ज्या अक्षरांवर त्यांनी पुस्तक लिहिले ती त्यांनी इतक्या जवळून कधीच पाहिली नव्हती. दुर्बिणीतून दिसत त्यापेक्षा ती लहान होती.

"प्राध्यापकांनी पाठवलं का तुला?" त्यांनी विचारले. प्रश्न इतका उघडा बाहेर पडला की त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

ती स्पंज पिळत होती. "मला? अहो, ते तर म्हणाले, त्या पुलाच्या भानगडीत पडू नकोस. माझं तोंड तिथं एकदा पोळलंय." मग तिने मान वर केली. "तुम्हाला कालपासून हेच वाटत होतं?"

मास्तरांनी दगडाकडे बोट केले.

तिने शेवटच्या ओळीवरून ओला स्पंज फिरवला. सगळा दगड काळा झाला, अक्षरे बुडाली. दोघेही वाट पाहत राहिले. आधी नावाची झिजलेली अक्षरे राखाडी होऊन वर आली. मग 'सु'. मग 'त'. मास्तर श्वास रोखून कान्याकडे पाहत होते. कान्याची खाच ओली होती, पण खाचेच्या दोन्ही कडा उजळत गेल्या. मग खाचही तळापासून उजळली, बाकीच्या दगडाबरोबर, त्याच रंगात.

"हा काना आहे ना?" तिने बोट जवळ नेले. "हा दगडातच आहे. अस्सल."

मास्तरांनी बांबूवरची एक मूठ सोडली. कालपासून मित्राच्या नावावर जे जे मांडले होते, ते सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांना बसावेसे वाटले.

"पण हे बघा," ती म्हणाली.

कान्याच्या पुढे, ओळ संपते असे आजवर सगळे समजत आले होते तिथे, तळहाताएवढा एक चौकोन काळाच राहिला होता. कडा नीट, चारी कोपरे काटकोनात. चुनेवाल्याचाच हात. त्या चौकोनात कोणतेही अक्षर नव्हते. सपाट, गुळगुळीत, दगडासारखा दगड.

"अक्षर नसतं तर खड्डा उघडा ठेवला असता त्यांनी," ती हळू म्हणाली. "ते उगाच कधी काही भरायचे नाहीत."

"हं."

"खाली काहीतरी आहे, सर."

मास्तरांना ते तिच्या आधी कळले होते. सुता आणि पुढे काहीतरी. त्यांनी मनातल्या मनात एकेक अक्षर त्या जागी ठेवून पाहिले. फार ठेवावी लागली नाहीत.

"काढता येईल?"

"ओलं आहे तोवर सहज. नाही म्हणालात तर राहू दे. माझ्या अहवालात 'इथं भराव आहे' एवढंच येईल, आणि माझे अहवाल कोण वाचतंय? पाटी बदलायला नको, पुस्तक बदलायला नको." जरा थांबून ती म्हणाली, "तुमचं पुस्तक मी शाळेत असताना वाचलंय. बक्षीस मिळालं होतं. तेव्हा ठरवलं होतं, आपणही पूलबिल काहीतरी करायचं."

हे तिने सांगितले नसते तर बरे झाले असते, असे मास्तरांच्या मनात आले. खालच्या काठावरून दोन बायका बोलत चालल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, लेकीच्या पुलापाशी उतर आणि मला फोन कर.

"काढ," मास्तर म्हणाले.

तिने लाकडी पाते कडेला लावले आणि चारी बाजूंनी हलकेच फिरवले. खरवडण्याचा आवाज येईल म्हणून मास्तरांनी दात आवळले होते. पण तसा आवाज आलाच नाही. चौकोन डबीचे झाकण सुटावे तसा अखंड तिच्या तळहातावर आला. ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने तो उलटा केला, नखाने टोकरला, नाकाशी नेला.

"मेण," ती म्हणाली. "अक्षराला आधी मेण फासलंय त्यांनी, आणि मग चुना भरलाय. तो नुसता कडांना धरून होता. म्हणूनच असा निघाला. सर, हे लपवायचं म्हणून लावलेलं नाही. म्हणजे लपवायचं म्हणून तर लावलंच आहे, पण पुढं निघावं म्हणूनही लावलंय. आतल्या अक्षराला साधा ओरखडा नाही."

खड्ड्याच्या तळाशी, मेणाने पिवळसर झालेला, अर्धा टवका उडालेला, पण खालच्या शेपटीमुळे दुसरे काहीही असू न शकणारा एक 'र' होता.

"सुतार," मास्तर म्हणाले.

"सुतारानं पूल बांधला?"

"कमान दगडाची दिसते, पण आधी तिचा लाकडी साचा उभा करावा लागतो," मास्तर सावकाश म्हणाले. जणू कुणीतरी शेजारी बसून सांगत होते आणि ते नुसते उच्चारत होते. "दगड त्याच्यावर बसतात. मग साचा काढून घेतात. नाव कुणाचं घालायचं झालं, तर त्याचंच घालतील."

ते फळीवर खाली बसले. पाय अधांतरी लोंबत होते, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. चुनेवाल्याने काजळी धुतली, तेव्हा त्याला काना दिसला असणार आणि लगेच हा र दिसला असणार. आणि कचेरीत, भरसभेत हसे झालेला मित्र ठशाची वाट पाहत बसला होता. त्याने र झाकला, कान्यापर्यंतचा ठसा उतरवला, आणि टेबलावर ठेवून पाठ फिरवली. मास्तर आधी जातील, मग एखाद्या सकाळी आपण परांची बांधून हे झाकण काढू, असा त्याचा सरळ बेत होता. जायचा क्रम तेवढा उलटा झाला.

"पंचाईत," मास्तर पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. मला उतरव आता."

सभेला कचेरीतली मोठी खोली भरली होती. पुढे टेबलावर चुनेवाल्याचा फोटो होता. फोटोत मात्र त्याने चुन्याची बोटे खिशात लपवली होती. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्याच रांगेत दुसऱ्या टोकाला प्राध्यापक होते. ते बरेच वाकले होते आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली भली मोठी कापडी पिशवी ठेवली होती.

"या मास्तर," ते म्हणाले. "लेक बरी आहे ना?"

मास्तर मागच्या रांगेत जाऊन बसले.

साहेब बराच वेळ बोलले. लेकीचा पूल आज ज्यांच्यामुळे उभा आहे, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दर वेळी मास्तर आपल्या चपलांकडे पाहत. भिंतीला टेकून उभी असलेली ती मुलगी मात्र त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती मुद्दाम पाहत नाही, हे त्यांना दिसत होते.

नाव पुकारल्यावर ते पुढे गेले. भाषणाचा कागद खिशात होता. त्यांनी तो काढला, घड्या उलगडल्या, पुन्हा घातल्या आणि टेबलावर फोटोशेजारी ठेवून दिला.

"माझ्या मित्राने जन्मभर दुरुस्ती दिसेल अशी केली," ते म्हणाले. "एकदाच लपवली. ती माझ्यासाठी."

"मोठ्यानं," प्राध्यापक कानामागे हात धरून म्हणाले.

"ती माझ्यासाठी लपवली," मास्तर मोठ्याने म्हणाले. "मी आज वर चढून पाहिली. शेवटच्या ओळीत आणखी एक अक्षर आहे. त्याने ते झाकलं होतं, पण मेण लावून. म्हणजे ज्याला काढायचं त्याला ते न मोडता काढता यावं. तो खोटं बोलला असं कुणी म्हटलं तर मला नाही म्हणता येणार नाही. पण खरं त्याने जपून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं." त्यांनी चष्मा वर सारला. "तो शब्द सुता नाही. सुतार आहे. तो पूल कुणाच्या लेकीचा नाही."

खोलीत कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. साहेबांनी कार्यक्रमपत्रिका उलटून मागची बाजू पाहिली.

"तरीच," वहिनी म्हणाल्या. मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेले. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत की हसत, हे मास्तरांना लगेच कळले नाही.

प्राध्यापकांचे ओठ हलत होते. तीन अक्षरे ते एकामागून एक जुळवून पाहत होते.

"र पक्का आहे?" त्यांनी विचारले.

"अर्धा फुटलाय. पण पक्का आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलात? ठशात नव्हे, दगडात?"

"स्वतः."

"म्हणजे मास्तर, तुम्ही चुकलात."

"हो."

प्राध्यापक फोटोकडे पाहत राहिले. मग, एखादे अवघड अक्षर लावावे तसे जोर देऊन, ते म्हणाले, "आणि मीही."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. ती जागा आपल्यासाठी केली आहे की पिशवी नुसतीच घसरत होती, हे मास्तरांना ठरवता येईना. ते टेबलाला धरून उभेच राहिले. शेवटी प्राध्यापकांनी त्या रिकाम्या खुर्चीवर हाताने दोनदा थोपटले.